वाजता वाजता गप्प होणारा गिटार अ‍ॅम्प: दोष कसा पकडायचा

प्रश्न थोडक्यात असा: काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा ४० वॅटचा काँबो आहे (म्हणजे अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत), मागे इफेक्ट्स लूप आहे (पेडल मध्ये जोडण्यासाठी सेंड आणि रिटर्न असे दोन जॅक). चालू केल्यावर १५-२० मिनिटं झकास वाजतो, मग आवाज एकदम बसतो, कधी पूर्ण जातो. जोरात कॉर्ड मारली किंवा कॅबिनेटवर थाप दिली की परत येतो. प्रीअ‍ॅम्पच्या (सुरुवातीला सिग्नल वाढवणाऱ्या भागाच्या) दोन ट्यूब बदलून झाल्या. दोन दिवस बरा चालला, मग पुन्हा तेच. आता काय करावं?

आणखी ट्यूब विकत घेऊ नका. ते दोन बरे दिवस बहुतेक नव्या ट्यूबमुळे मिळालेलेच नाहीत. जुनी ट्यूब ओढून काढताना आणि नवी दाबून बसवताना पिना सॉकेटच्या पात्यांवर घासतात, वरचा ऑक्साइडचा थर खरवडला जातो आणि कॉन्टॅक्ट तात्पुरता सुधारतो. शिवाय ट्यूब बदलायची म्हणजे अ‍ॅम्प हलवला, मागच्या केबल काढून परत लावल्या. त्यातलं नेमकं कशाने बरं वाटलं हे आता कळायला मार्ग नाही. येऊन-जाऊन असणाऱ्या दोषात हीच मोठी फसगत असते: काहीही केलं तरी थोडा वेळ गुण येतो.

तुमच्या वर्णनात तीन धागे आहेत. १५-२० मिनिटांनी जातो, म्हणजे उष्णतेचा हात आहे. थापेने परत येतो, म्हणजे काहीतरी यांत्रिकदृष्ट्या सैल आहे. आणि जोरात कॉर्ड मारली की परत येतो, हा तिसरा धागा सगळ्यात मोलाचा. ऑक्साइडचा पातळ थर बसलेला कॉन्टॅक्ट लहान सिग्नल अडवतो. सिग्नल मोठा झाला की तो थर फुटतो आणि वाट मोकळी होते. तुटलेली तार किंवा मेलेली ट्यूब अशी जोरकस वाजवण्याने जागी होत नाही. म्हणून पहिला संशय एखाद्या स्विचिंग कॉन्टॅक्टवर, आणि लूप असलेल्या अ‍ॅम्पमध्ये असा सर्वांत बदनाम कॉन्टॅक्ट म्हणजे लूपचा रिटर्न जॅक.

पण त्याआधी अ‍ॅम्पच्या बाहेरचं सगळं बाद करून घ्या. दुसरी गिटार, दुसरी केबल, मध्ये एकही पेडल नाही, सरळ इनपुटमध्ये. केबल बदलली पण गिटार तीच ठेवली तर चाचणी अर्धवट, कारण गिटारच्या आउटपुट जॅकचा नट सैल असणं हे रोजचं दुखणं आहे. अ‍ॅक्टिव्ह पिकअप असतील तर ९ व्होल्टची बॅटरीही बघा. ती संपत आली की आवाज आधी फाटतो, मग बसतो. स्वस्त केबलच्या पिनेत (लॅमिंग्टन रोडवर किंवा तपकीर गल्लीत हिला ‘पी-३८’ म्हणून मागतात) टोकाचा भाग आतल्या रिव्हेटवर सैल फिरत असतो. टोक चिमटीत धरून फिरवून बघा. फिरलं तर ती केबल बाद.

एवढं करूनही आवाज जात असेल, तर पुढच्या वेळी थाप मारून तो परत आणायची घाई करू नका. दोष हजर असतानाच तो सापडतो. आवाज गेला की हात आवरा आणि तो कसा गेला आहे ते ऐका.

खटकन गेला, स्विच बंद केल्यासारखा: कॉन्टॅक्ट, जॅक, रिले (विजेने चालणारा स्विच) किंवा सोल्डर. पाच-दहा सेकंदांत विझत विझत गेला आणि परत येतानाही तितकाच वेळ घेऊन आला: एखाद्या ट्यूबचा हीटर, म्हणजे आतली तापणारी तार. हीटरचा पुरवठा तुटला तरी त्याने तापवलेला ट्यूबचा भाग (कॅथोड) गरम असतो, तो गार होईपर्यंत ट्यूब वाजत राहते. खोलीतला दिवा बंद करून मागून बघा, एखाद्या ट्यूबमधला नारिंगी ठिपका गायब असेल. आवाज गेला पण अगदी पातळ, नुसत्या ट्रेबलचा, शेजारच्या घरातला रेडिओ ऐकू यावा तसा उरला: सिग्नलची वाट कुठेतरी उघडी पडली आहे आणि तुटलेल्या जागेच्या चिमूटभर कपॅसिटन्समधून फक्त वरच्या फ्रीक्वेन्सी ओलांडत आहेत. आवाजाऐवजी जोरदार गुणगुण सुरू झाली: ग्राउंड सुटला किंवा एखाद्या ट्यूबचा ग्रिड (सिग्नल घेणारी पिन) लोंबकळतो आहे.

आता कान स्पीकरच्या जवळ न्या. नेहमीची हलकी हिस्स किंवा गुणगुण ऐकू येते का? येत असेल तर पॉवर ट्यूब (स्पीकर चालवणाऱ्या), आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर जिवंत आहेत, दोष आधीच्या भागात आहे. रिव्हर्ब असेल तर तो थोडा वाढवून अ‍ॅम्प हलकेच हलवा. टाकीतल्या स्प्रिंगांचा झणझणाट स्पीकरमधून आला तर रिव्हर्बपासून पुढचा सगळा मार्ग ठीक. हिस्स नाही, गुणगुण नाही, स्पीकरचा कागदी कोन अगदी मढ्यासारखा गप्प असेल तर ताबडतोब स्टँडबाय करा किंवा अ‍ॅम्प बंद करा. ट्यूब अ‍ॅम्प लोडशिवाय चालणं धोक्याचं असतं. स्पीकरची वाट तुटलेली असताना गिटार वाजत राहिली तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर प्रचंड व्होल्टेजचे झटके उसळतात आणि इन्शुलेशन किंवा सॉकेटच्या पिनांमध्ये ठिणगी पडू शकते. शंभराच्या केबलपायी ट्रान्सफॉर्मर गमावायचा नसतो.

म्हणून स्पीकरची तपासणी लवकर उरकून घ्या. अ‍ॅम्प बंद करून स्पीकरची पिन काढा आणि तिच्या टोकावर मल्टिमीटर लावा. ८ ओहमचा स्पीकर डीसीवर साधारण ६ ते ७ ओहम दाखवतो, १६ चा १२ च्या आसपास, ४ चा ३ ते साडेतीन. आकडा आला की संपलं असं नाही. मीटर लावलेलं ठेवून कोन दोन्ही बाजूंनी बोटं टेकवून हलकेच आत-बाहेर करा, केबल हलवा, मागची स्पेड टर्मिनल्स हलवा. आकडा उडाला तर चोर सापडला. टर्मिनल सैल असेल तर पकडीने किंचित दाबून घट्ट करा. टर्मिनलपासून कोनाकडे जाणारी जरीच्या धाग्यासारखी विणलेली लवचिक तार असते, ती वर्षानुवर्षं थरथरून नेमकी वळणाशी तुटते. वरचं विणकाम शाबूत दिसतं आणि आतले धागे गेलेले असतात. तिथे साधी वायर जोडू नका, ताठ पडेल आणि महिन्याभरात परत तुटेल. स्पीकर रिकोन करणाऱ्याकडे (कोन बदलून देणाऱ्याकडे) ती खास तार मिळते. आणि स्पीकरला गिटारची शील्डेड केबल लावलेली असेल तर ती आजच काढा.

आता लूप. लागते फक्त एक छोटी पॅच केबल, १५ ते ३० सेंटीमीटरची. अ‍ॅम्प नेहमीसारखा तापू द्या, आवाज जाऊ द्या, आणि मग सेंडमधून रिटर्नमध्ये ती केबल लावा. आवाज ताबडतोब आला तर लगेच खूश होऊ नका, कारण पिन खुपसण्याचा धक्काही त्याला पुरला असेल. केबल तशीच ठेवून तासभर वाजवा. एकदाही गेला नाही तर निदान पक्कं. (लूपला मिक्सचा नॉब असेल, म्हणजे लूप पॅरलल असेल, तर मूळ सिग्नल रिटर्न जॅकमधून जातच नाही आणि ही चाचणी फारसं सांगणार नाही.)

हे का होतं ते समजलं तर साफ कसं करायचं तेही आपोआप कळतं. रिटर्न जॅकमध्ये पिन नसते तेव्हा टोकाची स्प्रिंग एका छोट्या पातीवर टेकून असते आणि सिग्नल त्या स्पर्शातून पुढे जातो. पिन घातली की स्प्रिंग उचलली जाते आणि तो स्पर्श तुटतो. आता ज्याने आयुष्यात कधी लूप वापरला नाही, त्याच्या अ‍ॅम्पमध्ये ही जोडी वर्षानुवर्षं एकाच जागी टेकून असते. तिला घासणारं कोणी नाही, आणि मुंबई, कोकण, गोव्याची दमट खारी हवा आहेच. पावसाळ्यात नुसता कपाटाशेजारी पडून राहिलेला अ‍ॅम्प गणपतीत बाहेर काढला की नेमका असा वागतो. गंमत अशी की पिन कितीही वेळा घाला, पिन त्या पृष्ठभागाला कधी लागतच नाही. ती स्प्रिंग उचलते फक्त.

त्यामुळे नुसती पिन आत-बाहेर करून भागत नाही, क्लीनर हवा. अ‍ॅम्प बंद, प्लग भिंतीतून काढलेला. कॉन्टॅक्ट क्लीनरच्या डब्याला बारीक नळी लावून जॅकमध्ये अर्धा सेकंद फवारा, पिन २०-३० वेळा आत-बाहेर करा, पुन्हा एक लहान फवारा, पुन्हा तेवढंच. डीऑक्सिटसारखा ऑक्साइड विरघळवणारा क्लीनर सर्वांत चांगला. सायकलच्या साखळीला मारायचा तेलकट स्प्रे नको. तो मागे चिकट थर ठेवतो आणि त्यावर धूळ बसते. जॅक उघड्या प्रकारचा असेल आणि चेसिस (सर्किट बसवलेला धातूचा सांगाडा) काढलेली असेल (काढण्याआधी खाली दिलेली कपॅसिटर रिकामे करण्याची रीत वाचा) तर व्हिजिटिंग कार्डाची ५ मिलिमीटर रुंद पट्टी कापा, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवा, पात्यांच्या मधे घाला, वरून हलका दाब देऊन ओढून काढा. पट्टीवर काळी रेघ उमटते. रेघ उमटायची थांबेपर्यंत नवीन पट्ट्या घ्या. सँडपेपर वापरू नका, वरचा मुलामा गेला की तो जॅक दर दोन महिन्यांनी त्रास देईल. हे सगळे क्लीनर ज्वालाग्राही आहेत. १५ मिनिटं वाळू द्या, मगच प्लग लावा.

कार्यक्रम उद्यावर असेल आणि साफसफाईला वेळ नसेल तर पॅच केबल लूपमध्ये कायमची लावून ठेवा. याने अ‍ॅम्पचं काहीही बिघडत नाही. काहीजण जॅक बदलायचा कंटाळा करून अशीच वर्षं काढतात आणि त्यात मला काही गैर दिसत नाही.

लूप निर्दोष निघाला तर अजून न उघडता एक उत्तम युक्ती उरते. आधीची पॅच केबल काढून टाका आणि सेंडमधून एक केबल दुसऱ्या एखाद्या अ‍ॅम्पला किंवा ऑडिओ इंटरफेसला द्या. बहुतेक अ‍ॅम्पमध्ये सेंडमध्ये पिन घातल्याने मूळ वाट तुटत नाही, त्यामुळे दोन्ही वाजतात. लूपर पेडलवर (वाजवलेलं पुन्हा पुन्हा ऐकवणाऱ्या) एक साधी रिफ भरून ठेवा म्हणजे हात मोकळे राहतात. आवाज जाईल तेव्हा दुसरा अ‍ॅम्प वाजत राहिला तर प्रीअ‍ॅम्प ठीक, दोष रिटर्नपासून पुढे. दोन्ही एकदम गप्प झाले तर इनपुट जॅक ते सेंड एवढ्या टापूत शोधा. उलटही करता येतं: मोबाइलचं गाणं रिटर्नमध्ये द्या (व्हॉल्यूम अर्ध्यावर ठेवून) आणि तासभर वाजू द्या. पॉवर भागाची परीक्षा होते. अर्धा अ‍ॅम्प असा एका फटक्यात बाद होतो, आणि दुरुस्तीच्या दुकानात नेला तरी ही माहिती सांगितल्यावर कारागिराचे दोन तास वाचतात.

इनपुट जॅकचंही थोडं वेगळं दुखणं असतं. तिथे स्विच उलट्या कामाला असतो: पिन नसताना तो सिग्नलला ग्राउंडशी जोडून ठेवतो, म्हणजे मोकळा अ‍ॅम्प गुणगुणत नाही. स्प्रिंग दमली असेल तर पिन घातल्यावरही तो नीट सुटत नाही, किंवा केबलच्या वजनाने पिन झुकली की परत टेकतो. तेव्हा मिळते पूर्ण शांतता, गुणगुणही नाही. उलट गुणगुण घेऊन आवाज गेला तर बाहेरच्या बाहीचा, म्हणजे ग्राउंडचा कॉन्टॅक्ट सैल आहे. जॅकचा नट सैल असेल तर नुसता पाना लावून आवळू नका. आतला जॅक सोबत फिरतो आणि त्याच्या तारा पीळ पडून तुटतात, किंवा पीसीबीचे (छापील सर्किट बोर्डाचे) डाग, म्हणजे सोल्डरचे जोड, उखडतात. तीच कपॅसिटरची खबरदारी घेऊन चेसिस उघडायची, आतून जॅक धरायचा, मग आवळायचा.

आता ट्यूब आणि सॉकेट. बऱ्याच काँबोंमध्ये चेसिस उलटी टांगलेली असते, ट्यूब खाली लोंबतात आणि त्यांची सगळी धग वर सॉकेटकडे, बोर्डाकडे जाते. १५-२० मिनिटांचा हिशेब इथून येतो. अ‍ॅम्प तापलेला, गेन मध्यम, व्हॉल्यूम कमी असा ठेवून बांबूची किंवा आइस्क्रीमची लाकडी काडी घ्या आणि एकेका ट्यूबच्या काचेवर टिचकी मारल्यासारखं ठोका. पेन्सिल घेऊ नका, तिच्या शिशात ग्राफाइट असतं आणि ते वीज वाहतं. प्रत्येक प्रीअ‍ॅम्प ट्यूब थोडी ‘टिंग’ करणारच, पहिली सर्वांत जास्त. तो दोष नव्हे. खरखर, फटका किंवा आवाज जाणं-येणं झालं तर ट्यूब काडीनेच किंचित डावी-उजवी करून बघा. ट्यूब बदलूनही तीच जागा बोलत राहिली तर दोष सॉकेटमध्ये.

सॉकेटच्या पात्या फाकल्या असतील तर त्या जवळ आणता येतात, पण ते अ‍ॅम्प बंद करून, फिल्टर कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) रिकामे करूनच (कसे ते पुढे), कारण त्याच पात्यांवर शेकडो व्होल्ट असतात. बारीक दाभणाने प्रत्येक पातीची तोंडं किंचित मिटवायची, केसभर पुरते. आत साफ करायला मेडिकलमध्ये मिळणारा दातांच्या फटीतला बारीक ब्रश आयसोप्रोपिलमध्ये बुडवून वापरा, त्यासारखं हत्यार नाही.

इथपर्यंतचं बहुतेक काम चेसिस न काढता होतं. यापुढे जायचं असेल तर एक गोष्ट नीट वाचा. ट्यूब अ‍ॅम्पचा प्लग काढला तरी आतल्या फिल्टर कपॅसिटरमध्ये ४०० ते ५०० व्होल्ट साठलेले राहू शकतात, आणि ते माणूस मारायला पुरतात. प्लग काढा. मीटर १००० व्होल्ट डीसीवर ठेवा, काळी तार चेसिसला क्लिपने लावा, आणि एक हात पाठीमागे ठेवून लाल प्रोब मुख्य फिल्टर कपॅसिटरच्या धन टोकावर टेकवा. व्होल्टेज असेल तर १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्शुलेटेड क्लिपांनी चेसिस आणि त्या टोकाच्या मध्ये धरा. १०० मायक्रोफॅरडला ५-६ सेकंद पुरतात. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करायची जुनी पद्धत विसरा. ठिणगीने कपॅसिटरही दुखावतो आणि तुम्हीही दचकता. पुन्हा मोजा, १० व्होल्टच्या खाली आलं की काम करा, आणि काम चालू असेपर्यंत रेझिस्टर लावलेलाच ठेवा, कारण काही कपॅसिटर रिकामे केल्यावरही थोडे परत भरतात. हे वाचताना मनात धाकधूक झाली असेल तर चेसिस काढू नका. त्यात कमीपणा नाही.

उघडल्यावर आधी डोळे वापरा. चांगला प्रकाश आणि १० पट भिंग. पीसीबीवर सैल डाग पडले असतील (दुकानात याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात) तर पायाभोवती केसासारखी काळी गोल रेघ दिसते, नाण्याच्या कडेला खाच असावी तशी. ती प्रत्येक ठिकाणी शोधत बसू नका. जिथे वजन, उष्णता किंवा ओढाताण आहे तिथेच ती पडते: बोर्डावरच बसवलेले जॅक, ट्यूबचे सॉकेट, पॉटचे (नॉबमागच्या फिरत्या रेझिस्टरचे) पाय, मोठे फिल्टर कपॅसिटर, रिले, आणि ५ वॅटचे पांढरे सिमेंट रेझिस्टर. या शेवटच्यांकडे खास बघा. चॅनल बदलणाऱ्या काही काँबोंमध्ये ४७० ओहम, ५ वॅटचे दोन रेझिस्टर रिले आणि ऑप-अ‍ॅम्पचा (सिग्नल वाढवणाऱ्या चिपचा) ±१५-१६ व्होल्टचा पुरवठा तयार करतात. ते इतके तापतात की खालचा बोर्ड तपकिरी होतो आणि डाग सुटतो. मग चॅनल आपोआप बदलतो, रिव्हर्ब जातो, फुटस्विचचा दिवा मिणमिणतो. त्यांना नव्याने डाग देताना बोर्डापासून ८-१० मिलिमीटर वर उचलून बसवा, म्हणजे खाली हवा खेळते.

डाग देताना फक्त सोल्डरिंगची इस्त्री टेकवून जुनं वितळवलं तर तडा महिन्याभरात परत येतो. जुनं सोल्डर विक (सोल्डर शोषणारी तांब्याची जाळीदार पट्टी) किंवा पंपाने पूर्ण काढा, फ्लक्स लावा, ६३/३७ ची (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) ०.८ मिलिमीटर तार आणि ३५० अंशांच्या आसपास तापमान ठेवून नवा डाग द्या. १ जुलै २००६ पासून युरोपात शिशाविना सोल्डरची सक्ती झाली, त्यामुळे नंतरच्या बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये सगळेच डाग मंद, करड्या रंगाचे दिसतात. तो रंग म्हणजे दोष नव्हे. गोल तडा असेल तरच हात लावा. एकदम शंभर डाग परत देण्याचा मोह टाळा, त्यात बोर्डावरच्या दोन तांब्याच्या पट्ट्या उखडल्या की नवीन दोष तयार होतो.

डोळ्यांना काही दिसलं नाही तर मीटर. पण दोष येईल तेव्हा प्रोब घेऊन धावायचं नाही. अ‍ॅम्प बंद आणि रिकामा असताना काळी क्लिप चेसिसला, लाल हूक-क्लिप संशयित ट्यूबच्या प्लेटला (१२एएक्स७ या नेहमीच्या प्रीअ‍ॅम्प ट्यूबमध्ये पिन १ किंवा ६) अडकवा, मग चालू करून हात लांब ठेवा आणि वाजवत बसा. धरून चालू की पुरवठा २८० व्होल्ट, प्लेट रेझिस्टर १०० किलोओहम, कॅथोड रेझिस्टर १.५ किलोओहम आहे. १ मिलिअँपिअर वाहत असताना प्लेटवर १८० च्या आसपास आणि कॅथोडवर दीड व्होल्ट दिसतील. आता आवाज गेला आणि प्लेट चढून २८० ला टेकली, तर ट्यूबमधून करंट वाहायचा थांबला: हीटर, कॅथोडचा रेझिस्टर किंवा सॉकेटची पिन. प्लेट शून्यावर आली, तर प्लेट रेझिस्टर किंवा त्याला मिळणारा पुरवठा तुटला. प्लेट १८० लाच ठाम राहिली, तर ही ट्यूब निर्दोष, सिग्नलची वाट दुसरीकडे तुटते आहे: कपलिंग कपॅसिटर (डीसी अडवून फक्त सिग्नल पुढे सोडणारा), पॉट, जॅक. एका आकड्यात एवढं कळतं, म्हणून न बघता भाग बदलण्यापेक्षा हे लाखपटीने बरं. पॉटची गोष्ट आली तर एक लक्षात ठेवा: साफ करूनही खरखर जात नसेल तर पॉटवर डीसी येतो आहे का ते मोजा. येत असेल तर बहुतेक आधीचा कपलिंग कपॅसिटर गळतो आहे, पॉट बदलून उपयोग नाही.

पॉवर ट्यूबची प्लेट लालबुंद दिसली तर मोजायच्या भानगडीत न पडता बंद करा. बायसचा (ट्यूबचा करंट आवरणारा) ऋण व्होल्टेज तुटला असेल. फ्यूज उडत असेल तर जास्त अँपिअरचा घालणं म्हणजे ट्रान्सफॉर्मरच फ्यूज करणं.

मेन्सकडून येणारा दोष ओळखायला सोपा: आवाज जाताना पुढचा लाल दिवाही लुकलुकतो. मागचा पॉवर सॉकेट सैल, फ्यूजहोल्डरची स्प्रिंग दमलेली, किंवा मंडपातल्या एका एक्स्टेन्शनवर अ‍ॅम्प, हॅलोजन आणि पंखा एकत्र. बाहेरून आणलेला १२० व्होल्टचा अ‍ॅम्प स्टेपडाउनवर चालवत असाल तर त्या ट्रान्सफॉर्मरचे सॉकेटही हलवून बघा. आणि गुणगुण जावी म्हणून अर्थिंगची पिन काढून टाकलेली असेल तर आधी ती परत लावा.

अ‍ॅम्प ट्यूबचा नसून सॉलिड-स्टेट असता तर क्रम बदलला असता. तिथे १५-२० मिनिटांनी गप्प होणं म्हणजे आधी हीटसिंकवरचा थर्मल स्विच आणि धुळीने जाम झालेला पंखा बघायचा. गार झाल्यावर आपोआप चालू होतो ही त्याची खूण. जोरात वाजवल्यावर परत येत असेल तर स्पीकर प्रोटेक्शन रिलेचे जळके कॉन्टॅक्ट. रिले बदलताना कॉइलचा व्होल्टेज जुळला पाहिजे, तो १२ असेल तर १२, २४ असेल तर २४. कॉन्टॅक्ट घासून चालू करणं फार टिकत नाही.

दुरुस्ती झाली असं वाटलं की टेबलावर दहा मिनिटं वाजवून समाधान मानू नका. टेबलावर चेसिस उताणी, उघडी आणि गार असते. अशा स्थितीत अर्धे दोष रुसून बसतात. चेसिस कॅबिनेटमध्ये बसवा, मागचं झाकण लावा, आणि स्टेजवर ठेवता त्या व्हॉल्यूमवर दोन तास सलग चालवा. मध्येच एकदा अ‍ॅम्प एका कडेवर किंचित उचलून दोन-तीन सेंटीमीटरवरून खाली टेकवा; टेम्पोतल्या प्रवासापेक्षा तो धक्का कमीच असतो.

आणि दुकानात द्यायचाच झाला तर अ‍ॅम्पच्या मागे एक चिठ्ठी चिकटवा: किती मिनिटांनी जातो, खटकन की विझत, गेल्यावर हिस्स राहते का, पॅच केबलने फरक पडतो का, सेंडवर लावलेला दुसरा अ‍ॅम्प वाजत राहतो का. ‘कधीकधी आवाज जातो’ एवढंच लिहून दिलेला अ‍ॅम्प दुकानात आठवडाभर नीट वाजतो आणि तसाच परत येतो.